नदी आधी पितो

इंग्लंडात घरोघरी पाण्याला मीटर असतो, असं मी आमच्या पाणी वापर संस्थेच्या सभेत तीन वेळा सांगितलं होतं. २००६ च्या मे महिन्यात, शाळेच्या सुट्टीत, बायको सुमन आणि मी मुलीकडे मेडनहेडला गेलो. तिच्या घरी पाण्याला मीटरच नव्हता. आणि हे मला सहाव्या दिवशी कळलं, ते का, ते पुढे सांगतो.

आधी आमच्या चारीबद्दल थोडं. मी नगर जिल्ह्यातल्या एका गावी हायस्कुलात गणित शिकवतो. चार एकर जमीन आहे, पाटपाण्याची. कालव्यातून निघून शेतांपर्यंत पाणी नेणारा जो लहान पाट, त्याला आमच्याकडे चारी म्हणतात. आमची चारी तीन किलोमीटर दोनशे मीटर लांब, तिच्यावर एक्केचाळीस खातेदार, आणि त्यांच्या संस्थेचा मी सचिव. पूर्वी पाणी एकरावर मिळायचं. पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज भरायचा आणि पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याची वाट पाहत बसायचं. आता सरकारने कायदा बदलला. संस्थेला हंगामाचं पाणी घनमीटरात मोजून मिळणार आणि आतली वाटणी संस्थेने स्वतः ठरवायची. आमची चारी त्याआधीच तीन वर्षं प्रयोग म्हणून मोजून पाणी घेत होती. चारीच्या मुखाशी मोजपट्टी बसवलेली आहे. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची फेरी, सुरू असताना मी रोज सकाळी सायकलने जाऊन ती वाचतो आणि वहीत लिहितो. तीन वर्षांत एकही वाचन चुकलेलं नाही. शाखा अभियंत्यांनी ती वही दुसऱ्या तालुक्यात नेऊन दाखवली होती.

चारीच्या अगदी शेवटी, ज्याला सगळे टेल म्हणतात तिथे, अडीच एकर डाळिंबाची बाग आहे. ती माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची. भाऊजी गेल्यापासून ती एकटीच बाग पाहते. नियमाप्रमाणे शेतामागून शेत येणारी शेजपाळी टेलकडून सुरू होते, म्हणजे पहिलं पाणी अक्काला. प्रत्यक्षात वाटेतल्या शेतांची दारं उघडी राहतात आणि टेलला पोचते ती ओल. निघायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला गेलो, तर अक्काने चहा दिला आणि म्हणाली, “दत्ता, तुझ्या वहीत पाणी आहे, माझ्या पाटात नाही. तीन वर्षं बघितलं. येता रब्बी शेवटचा. पाणी आलं नाही तर बाग उपटून टाकते आणि लेकाकडे जाते.”

“नियमावली व्हायची आहे अजून,” मी म्हणालो. “परत आलो की सभा आहे.”

“मग तिकडून काहीतरी शिकून ये. नुसते फोटो काढू नकोस.”

हे डोक्यात घेऊन मी विमानात बसलो.

मेडनहेड

लंडनच्या पश्चिमेला, थेम्स नदीच्या काठी हे गाव आहे. गाव कसलं, सकाळी निम्मं रिकामं होतं. जावई मकरंद ब्रॅकनेलला सॉफ्टवेअर कंपनीत. मुलगी अश्विनी घरूनच काम करते. रस्त्यातली सगळी घरं एकाच साच्यातली, विटांची, पुढे हातभर बाग. पहिल्या दिवशी मी एकटा फिरून आलो आणि शेजारच्या घराच्या दाराला किल्ली लावत उभा राहिलो. दार उघडणाऱ्या बाईंनी न रागावता बोटाने पलीकडचं दार दाखवलं. त्यांना याची सवय असावी.

दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या कपाटात मला मीटर सापडला. वर आकडे, कडेला घनमीटर असं लिहिलेलं. मला काय आनंद झाला! रोज सकाळी सात वाजता वाचन घेऊ लागलो. चार दिवसांत ४२१२ चे ४२२३ झाले. अकरा घनमीटर म्हणजे अकरा हजार लिटर. दिवसाला दोन हजार सातशे पन्नास. आम्ही चौघे, म्हणजे माणशी सहाशे सत्त्याऐंशी लिटर आणि वर थोडं. आमच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी आम्हा दोघांना चार दिवस पुरते. मी हिशेब पुन्हा करून पाहिला. तोच आला.

सहाव्या दिवशी जेवताना मी विषय काढला. “मकरंदराव, राग मानू नका. पण तुमची सकाळची अंघोळ मी घड्याळ लावून पाहिली. अकरा मिनिटं. ती जर सहावर आणली—”

अश्विनीने चमचा खाली ठेवला. “बाबा, तुम्ही आमच्या अंघोळी मोजताय?”

“अंघोळी नाही, मीटर मोजतोय. जिन्याखालचा.”

मकरंद सज्जन आहे. तो हसला नाही, पण हसू आवरायला त्याला पाणी प्यावं लागलं. “बाबा, तो गॅसचा मीटर आहे. हीटिंगचा. इकडे गॅससुद्धा घनमीटरमध्येच मोजतात. पाण्याला आमच्याकडे मीटर नाहीच. घराची जी जुनी किंमत ठरलेली आहे, तिच्यावर पाणीपट्टी लागते. वापरा कितीही.”

सुमन दोन दिवस पुन्हापुन्हा एवढंच म्हणत होती, “जावयाला अंघोळ कमी करा म्हणालात! अहो, शोभतं का?”

मला मात्र वेगळ्याच गोष्टीचं नवल वाटत होतं. घराच्या किमतीवर पाणीपट्टी म्हणजे आमच्या एकरावरच्या पाणीपट्टीची सख्खी बहीण. ज्यांच्याकडून मोजून वापरायला शिकायचं, ते अजून न मोजताच वापरत होते. सगळीकडे तसं नाही. नव्या घरांना मीटर बसतात, मागितला तर जुन्यालाही मिळतो. पण निम्म्या गोष्टी मी सभेत न पाहता सांगितल्या होत्या, हे खरं. ते मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं.

त्यात आणखी एक गंमत. त्या मेमध्ये पाऊस रोज पडत होता आणि रोज पाणीटंचाईच्या बातम्या होत्या. बागेला होजपाइपने पाणी घालायला बंदी. ज्यांच्या दाराला मी किल्ली लावली होती, त्या बाई एका हातात छत्री आणि एका हातात झारी घेऊन पोर्चखालच्या कुंड्यांना पाणी घालताना मी पाहिल्या. झारीत अंघोळीचं पाणी होतं, असं त्यांनीच अभिमानाने सांगितलं. पावसात टंचाई ही काय भानगड, ते मला उमगेना. घरात कोणालाच नीट सांगता येईना.

“मीराला विचारू या,” मकरंद म्हणाला. “ती तेच करते.”

मीरा

मीरा ही मकरंदची आतेबहीण. जन्म साउथहॅम्प्टनचा. वडील तिथल्या इस्पितळात डॉक्टर म्हणून नागपूरहून आले ते तिथेच राहिले. ही पोरगी नद्यांच्या सरकारी कचेरीत काम करते. कोणी नदीतून किंवा विहिरीतून किती पाणी उचलायचं, त्याचे परवाने पाहते. रविवारी ती जेवायला आली. वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “काका, मी मराठी बोलतो, पण माझी मराठी थोडा तुटलेला आहे.”

“बोलतो नाही, बोलते,” मी म्हणालो. मास्तर माणूस, राहवत नाही.

“हो, बोलते. आई पण असाच ओरडतो.”

थालीपीठ खाता खाता तिने पावसातल्या टंचाईचा उलगडा केला. त्या भागात पिण्याचं पाणी बहुतेक जमिनीखालच्या खडूच्या खडकातून येतं. तो खडक फक्त हिवाळ्यातल्या पावसाने भरतो. उन्हाळ्यातला पाऊस झाडं आणि ऊन मिळून वरच्यावर पिऊन टाकतात. सलग दोन हिवाळे कोरडे गेले होते. “हा पाऊस फक्त लोकांना भिजवतो, काका. खाली जात नाही.”

आमच्या विहिरींचंही थोडंफार असंच असतं. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

मग परवान्यांचं निघालं. चाळीसेक वर्षांपूर्वी कायदा झाला, तेव्हा जो जितकं पाणी उचलत होता, त्याला तितक्याचा परवाना मिळाला. त्याला मुदत नाही. बापाचा परवाना मुलाला. पुढे नवे मागणारे येत गेले, त्यांनाही मिळत गेले. आता नव्या कायद्याने नवीन परवान्याला मुदत घालतात, साधारण बारा वर्षं. एकेक खोरं घेऊन कागदावर कोणाचं किती आणि नदीला झेपतं किती, याची बेरीज-वजाबाकी चालू आहे.

“एका खोऱ्यातल्या सगळ्या परवान्यांची बेरीज केली,” मी विचारलं, “आणि कोरड्या उन्हाळ्यातलं नदीचं पाणी मोजलं, तर जास्त काय?”

“काही ठिकाणी पेपरवरचा पाणी जास्त.”

“पाणी ते. नपुंसकलिंगी.”

“सॉरी. पेपरवरचं पाणी जास्त.”

तिने टाळाटाळ केली नाही. सरकारी माणसाकडून इतकं सरळ उत्तर मी बऱ्याच दिवसांनी ऐकत होतो. ‘तुझ्या वहीत पाणी आहे’ हे अक्काचं वाक्य मला आठवलं. पण तेव्हा मी ते स्वतःला लावून घेतलं नाही.

“येत्या शनिवारी या,” मीरा म्हणाली. “मी तुम्हाला नदी दाखवतो. दाखवते.”

खडूची नदी

साउथहॅम्प्टनच्या वरच्या अंगाला ती नदी आहे. नदी म्हणजे आपल्या हिशेबाने मोठा ओढा. काठाला गवत मऊ, गाई लठ्ठ, आणि एक विलो वाकून पाण्यात केस धूत असल्यासारखा. पाणी इतकं स्वच्छ की तळाचे खडे मोजता येत होते. आमच्या कालव्याचं पाणी चहाच्या रंगाचं. हात घातला तर बोटं दिसत नाहीत.

एका दगडी पुलाखाली मोजपट्टी होती. लांबून आकडे नीट दिसेनात. पाणी घोटाभर आहे असं पाहून मी बूट-मोजे न काढता कडेच्या दगडावरून एक पाय पुढे टाकला. घोटाभर नव्हतं. गुडघ्याच्या वर होतं, आणि मे महिन्यातही बर्फाचं. स्वच्छ पाणी खोली चोरतं, हे गणिताच्या मास्तराला चोपन्नाव्या वर्षी कळलं.

“अहोऽऽ!” सुमन ओरडली.

मला बाहेर ओढलं ते पुलावरून आलेल्या एका उंच म्हाताऱ्याने. त्याचं नाव ॲलन. दोन मैल वर त्याचं शेत आहे, बटाट्याचं. मीरा त्याला ओळखत होती. तिच्याकडे बघून तो म्हणाला, “माझा नळ बंद करणारी पोरगी आज पाहुण्यांनाही बुडवायला लागली काय?”

ॲलनचं इंग्रजी मला निम्मं कळत होतं. उरलेलं मीरा मराठीत करायची आणि तिच्या मराठीतलं उरलेलं सुमन करायची. तो आम्हाला मोटारीत घालून घरी घेऊन गेला. माझे मोजे त्याने शेगडीच्या दांडीवर वाळत घातले आणि स्वतःचे जाड लोकरी मोजे मला दिले. ते माझ्या पोटरीच्याही वर येत होते.

जेवायला वॉटरक्रेसचं हिरवं सूप होतं. ही पालेभाजी वाहत्या पाण्यात वाढते आणि चवीला हळिवाच्या कोवळ्या पाल्यासारखी, किंचित झणझणीत. ती आवडली. मग पाव, चीज आणि ‘पिकल’. लोणचं म्हणून मी सढळ हाताने घेतलं, तर ते गूळ घातलेल्या चिंचेच्या कोळासारखं गोड निघालं. सुमनने डबा उघडला. तिखटामिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. चटणी हा शब्द ॲलनला ठाऊक होता. त्यांच्याकडे तीही गोडच असते. त्याने मोठा चमचा भरून तोंडात टाकला.

त्याचे कान लाल झाले, मग मान.

“काका,” मीरा हळूच म्हणाली, “ॲलनचा लेव्हल खाली गेला.”

दोन पेले दूध पिऊन झाल्यावर मी त्याला विचारलं, “तुमचं शेत वर, दोन मैलांवर. मग खालच्या पुलाशी काय करत होता?”

“पट्टी वाचत होतो. पाण्याच्या दिवसांत रोज जातो.”

त्याच्या वडिलांचा परवाना जुना, बिनमुदतीचा. तो त्याने अजून सोडलेला नाही आणि सोडणार नाही, असं त्याने मीराला माझ्यासमोर सांगितलं. पण दोन वर्षांपूर्वी त्याने एक अट मान्य केली. हिवाळ्यात नदी भरलेली असताना पाणी उचलून त्याने शेततळं भरायचं आणि उन्हाळ्यात ते वापरायचं. आणि खालच्या पुलाच्या पट्टीवरचा आकडा ठरलेल्या खुणेखाली गेला, की वर त्याने नदीतला पंप बंद करायचा. त्या खुणेला तिथल्या लोकांनी नाव ठेवलंय ‘हात मागे’.

“मोजमाप खाली आणि पंप वर?” मी विचारलं.

“वर मोजून काय कळणार?” ॲलन म्हणाला. “माझ्या दारात नदी नेहमी भरलेलीच असते. मी घेऊन उरलेली कशी आहे, ते माझ्या खाली गेल्यावरच दिसतं.”

“पण तुम्ही स्वतः कशाला जाता? कचेरी फोन करत असेल.”

“करते ना ही. हिच्या कॉम्प्युटरवर माझा विश्वास नाही. पुलाच्या खालच्या अंगाला एक मासेवाला राहतो, त्याचा माझ्यावर विश्वास नाही. अकरा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. पण त्या पट्टीवर दोघांचाही विश्वास आहे. मी वाचतो, आकडा मोठ्याने म्हणतो आणि येतो. तो खिडकीतून ऐकतो.”

मीराने तेव्हा जे वाक्य म्हटलं, ते मी जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं. “सिंपल आहे, काका. नदी आधी पितो, मग आपण.”

पिते, असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण ते गिळलं, कारण माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी सरकलं होतं.

तीन वर्षं मी मुखाशी मोजत होतो. माझी वही चोख होती, कारण चारीच्या दारात पाणी नेहमीच असतं. वाटेत काय होतं आणि शेवटी काय उरतं, त्याचं एकही वाचन माझ्याकडे नव्हतं. शाखा अभियंत्यांनी दुसऱ्या तालुक्यात दाखवलेली वही ती हीच. पेपरवरचं पाणी.

मी वही मिटून ठेवलेली पाहून मीराने कारण विचारलं. मी अक्काचं सांगितलं.

“मग तिथे खाली पट्टी का नाही लावला?”

“तिथे म्हणजे अक्काच्या बांधावर. सचिव मी, बांध बहिणीचा. लोक काय म्हणतील? मी तर तिची तक्रारसुद्धा कधी सभेपुढे ठेवली नाही. दुसऱ्या कोणाची असती तर ठेवली असती.”

मीराने जरा विचार केला. मग तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, “म्हणजे तुम्ही फेअर दिसायला तिला अनफेअर केला.”

“हे मी तीन वर्षं सांगतेय,” सुमन म्हणाली. “पण माझं मराठी शुद्ध पडलं ना! ते कानावरून जातं.”

ॲलनला काय झालं ते कळेना. मीराने त्याला थोडक्यात सांगितलं. तो उठला, शेगडीवरचे मोजे चाचपून पाहिले आणि म्हणाला, “वाळायला अजून अर्धा तास. तोवर तो प्रश्न सोडवा.”

मग आम्ही खरोखरच कागद घेऊन बसलो. टेलला पट्टी लावणं सोपं. ती वाचायची कोणी, हा प्रश्न होता. अक्काने वाचली तर तिचा स्वार्थ. मी वाचली तर भावाचा पक्षपात. पाटकऱ्याने वाचली तर तो ज्याच्याकडे चहा प्यायला त्याचा माणूस. ॲलनने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि अंगठा स्वतःच्या छातीकडे वळवला. सर्वांत वरचा जो, त्याने. ज्याला थांबायचं आहे त्याने.

आमच्या चारीवर सर्वांत वरचं शेत बापूरावांचं. नऊ एकर ऊस. टेलला पाणी पोचलं नाही की सगळे त्यांच्याच उसाकडे बोट दाखवायचे. मी त्यांचं नाव कागदावर लिहिलं. त्यांना हे मान्य कसं करायचं, ते मात्र नगर जिल्ह्यातच ठरणार होतं.

निघताना ॲलनने मोजे परत घेतले नाहीत. ते माझ्याकडे आहेत.

गावी

इतर पाहण्यासारखं आम्ही पुष्कळ पाहिलं. त्याचे फोटो अश्विनीकडे आहेत. तिथल्या लोकांची मला आवडलेली एक रीत मात्र सांगतो. रांगेत शेवटी उभा असलेला माणूस तिथे बिनघोर असतो. पुढचा मधेच घुसणार नाही, हे त्याला ठाऊक असतं. आमच्याकडे शेवटचा माणूस टाचा उंचावून पुढे बघत असतो. तो काही भांडखोर नसतो. त्याने तोवर पुष्कळ पाहिलेलं असतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि महिनाअखेर संस्थेची सभा भरली. अक्का मागच्या ओळीत बायकांत बसली होती. मी आधी इंग्लंडच्या मीटरबद्दल चुकीचं सांगितलं होतं ते दुरुस्त केलं. गॅसच्या मीटरची गोष्टही सांगितली. लोक पोट धरून हसले. हसू ओसरल्यावर मी म्हणालो, “आणि तीन वर्षं इथेही मी चुकीच्याच मीटरवर वाचन घेत होतो. चूक माझी आहे.” मग ॲलनच्या पट्टीची गोष्ट सांगून नियम वाचून दाखवला. टेलला पट्टी बसवायची. आवर्तन सुरू झालं की त्या पट्टीवर बारा सेंटिमीटरची खूण लागेपर्यंत वरचं एकही दार उघडायचं नाही. टेलची पाळी संपेपर्यंत ती खूण सुटता कामा नये. आणि रोज सकाळी ती पट्टी पहिल्या शेतवाल्याने वाचायची.

बापूराव उभे राहिले. “सर, आता स्पष्टच बोलू का? बहिणीच्या बांधावर पट्टी, आणि हमाली माझी?”

सभेत खसखस पिकली. हीच गोष्ट ऐकायला नको म्हणून मी तीन वर्षं गप्प होतो. ऐकल्यावर वाटलं तेवढं लागलं नाही.

“हो, बहिणीच्या बांधावर,” मी म्हणालो. “चारी तिथेच संपते, त्याला मी काय करू? तुम्हाला संशय आहे ना, की सर बहिणीला जास्त देतील? मग माझं वाचन नकोच. तुमचं घ्या. तुम्ही जो आकडा मोठ्याने म्हणाल तोच वहीत. मी खोडरबर आणणार नाही.”

“आणि मी रोज तीन किलोमीटर जाऊ?”

“तीन किलोमीटर दोनशे मीटर,” कोणीतरी मागून म्हणालं, आणि पुन्हा हशा.

“जाता जाता वाटेतली दारंही बघा की,” मी म्हणालो. “कोणाचं उघडं आहे ते तुमच्याइतकं कोणाला कळणार? तुमच्या उसाचा कोटा या नियमाने एका थेंबानेही कमी होत नाही. कमी होतं ते मधल्यामधे उडणारं पाणी.”

मधल्या शेतवाल्यांपैकी दोघांचे चेहरे उतरले, ते बापूरावांनी पाहिलं. मला वाटतं नियम तिथेच मंजूर झाला. “म्हणजे माझं नाव पुढे करून हे लोक पाणी खात होते तर,” ते म्हणाले आणि बसले. बसता बसता विचारलं, “त्या इंग्रजाच्या नियमाला नाव काय म्हणालात?”

मीराचं नाव सांगून मी तिचं वाक्य वाचून दाखवलं. व्याकरण दुरुस्त केलं नाही. “नदी आधी पितो, मग आपण.”

“नदी पितो?” बापूराव म्हणाले. “सर, तुमच्या शाळेतली दिसत नाही.”

तेहतीस हात वर झाले. अक्काचा झाला नाही. मी नंतर विचारलं तर म्हणाली, “माझ्याच पाण्याला मी कशाला हात वर करू? आणि कागद तर मागचेही चांगले होते. नोव्हेंबरात बघू.”

नोव्हेंबरात रब्बीचं पहिलं आवर्तन आलं. पहिल्या दिवशी टेलला चार सेंटिमीटर. बापूराव परत येताना तीन दारं बंद करून आले, आणि त्या तिघांना काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी नऊ. तिसऱ्या दिवशी शाळेला जाण्याआधी मी वही घेऊन अक्काच्या बांधावर गेलो. मुद्दाम पट्टीपासून दहा पावलं लांब उभा राहिलो. डाळिंबाच्या मुळाशी आळी करून ठेवलेली होती. अक्का फावडं घेऊन उभी.

बापूराव आले. चष्मा पुसला, वाकले, पट्टीवरची शेवाळ बोटाने बाजूला केली. मग ॲलनला कोणी सांगितलं असतं तर त्याला खरं वाटलं नसतं, इतक्या मोठ्याने ओरडले, “तेरा! लिहा सर, तेरा!”

मी लिहिलं.

“चहा टाकते, बापूराव,” अक्का म्हणाली.

“नको अक्का. तुमचा चहा प्यायलो तर उद्या सर म्हणतील, वाचणारा फुटला.” ते सायकलकडे वळले. “आधी टेलला पिऊ द्या. टेल आधी पितो, मग आपण.”

अक्काने फावड्याने पहिलं आळं फोडलं. पाणी आत वळलं. ते पूर्ण भरेपर्यंत ती बघत राहिली. मग हात पुसून माझ्याजवळ आली आणि वही मागितली. चष्मा नसल्याने लांब धरून तिने आकडा पाहिला, मग पाटाकडे पाहिलं, मग पुन्हा आकडा.

“तेरा,” ती म्हणाली. “आज जुळलं बघ, दत्ता.”